पंप केलेलं दूध घरी कसं साठवायचं आणि फ्रीझ करायचं: नवीन आयांसाठी, पंपापासून बाटलीपर्यंत

कामावर परत जायचंय, किंवा रात्रीचं एखादं फीड बाबाने द्यावं असं वाटतंय, किंवा बाळ अजून अंगावर नीट ओढत नाही म्हणून पंप करावं लागतंय, कारण काहीही असो, पहिली बाटली भरली की प्रत्येकीला तोच प्रश्न पडतो की आता हे ठेवायचं कुठे आणि किती वेळ. एकीकडे वाचावं तर चार तास, दुसरीकडे आठ, कोणी म्हणतं फ्रीझरमध्ये तीन महिने तर कोणी वर्षभर, आणि मग ह्या गोंधळात एवढ्या कष्टाने काढलेलं चांगलं दूध घाबरून ओतून दिलं जातं. म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. माझं मुळात एकच सांगणं आहे, साठा भरपूर नसला तरी चालतो पण तो असा हवा की रात्री तीनला घरातल्या कोणीही फ्रीज उघडला तर तुम्हाला न उठवता त्या माणसाला कळलं पाहिजे की कुठली बॅग घ्यायची, ती अजून चालेल की नाही आणि तिचं पुढे काय करायचं.

एक गोष्ट आधीच. खालचे सगळे आकडे पूर्ण दिवसांच्या, तब्येतीने ठीक असलेल्या बाळासाठी आहेत. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल किंवा त्याची प्रतिकारशक्ती कमी असेल तर हॉस्पिटलने दिलेले नियमच पाळायचे, ते ह्यापेक्षा कडक असतात आणि तसे असण्याला कारण आहे.

आधी हिशोब, मग पंप

भरलेल्या फ्रीझरचे फोटो बघून टेन्शन घेऊ नका हो. फक्त आईच्या दुधावर असलेलं एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण ७५० मिलीच्या आसपास दूध पितं, कोणी ५७० तर कोणी ९००, आणि पहिल्या महिन्यानंतर हा आकडा फारसा वाढत नाही, कारण बाळ मोठं होतं तसं त्याचा वाढण्याचा वेगही थोडा कमी होतो. म्हणजे तुम्ही बाळापासून जितके तास लांब असणार त्या प्रत्येक तासाला ३० ते ४५ मिली धरा. जाण्यायेण्यासकट १० तास बाहेर असाल तर ३०० ते ४५० मिली, झालं. आणि आज बाहेर असताना जे पंप कराल ते उद्या बाळ पिणार, उद्याचं परवा, असं ते चक्र सुरू राहतं, त्यामुळे फ्रीझरमधलं दूध लागतं ते पहिल्या दिवसाला आणि नंतर अडीअडचणीला, एखाद दिवशी कमी निघालं, मीटिंग लांबली, बाटली सांडली. दोन-तीन दिवसांचं दूध हाताशी असलं की बहुतेकींचं आरामात भागतं.

ह्याउलट साठा करायच्या नादात बाळाला पाजून वर दिवसाला चार-पाच वेळा पंप करत राहिलं तर शरीराला वाटतं मागणी वाढलीये, दूध गरजेपेक्षा जास्त बनायला लागतं, छाती सतत टच्च भरून दुखते, गाठी होतात आणि त्यातून ताप येण्यापर्यंत जाऊ शकतं. बाळ अंगावर छान पितंय ना, मग पहिले तीन-चार आठवडे पंपाच्या मागे लागूच नका. (बाळ ओढत नसेल किंवा तुमच्यापासून लांब असेल तर मात्र वाट बघायची नाही, लवकरात लवकर आणि नियमित पंप करावंच लागतं, कारण दूध उतरायचं ते मागणीवरच उतरतं.) कामावर जायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून दिवसातून एकदा, शक्यतो सकाळच्या फीडनंतर पंप करा, सकाळी बहुतेकींना जास्त निघतं. पाजल्यानंतर पंप करताय म्हटल्यावर ३०-४० मिलीच निघालं तर ते कमी नाहीये, बाळ आधीच पोटभर पिऊन गेलंय हे लक्षात ठेवा.

हात, पंपाचे पार्ट आणि तो पाइप

पंपाला हात लावायच्या आधी साबणाने २० सेकंद हात धुवायचे, रात्री झोपेत असलात तरी. दूध किती टिकणार हे खरं तर इथेच ठरतं, स्वच्छ काढलेलं दूध जास्त टिकतं.

दुधाला लागलेला प्रत्येक पार्ट, म्हणजे छातीला लावायचा फनेल, व्हॉल्व्ह, मेम्ब्रेन, कनेक्टर, बाटली, हे सगळं प्रत्येक वेळी सुटं करून धुवायचं. आधी गार किंवा कोमट वाहत्या पाण्याखाली दुधाचा अंश काढून टाकायचा, मग गरम साबणाच्या पाण्यात ब्रशने घासायचं. हे सिंकमध्ये ठेवून घासू नका, सिंकमध्ये सगळ्या घरची खरकटी भांडी असतात, त्यासाठी एक टब वेगळा ठेवा आणि ब्रशही फक्त ह्याच कामाचा ठेवा, त्या टबला नि ब्रशला दुसरं काही लावायचं नाही. धुतल्यावर कपड्याने पुसायचं नाही, स्वच्छ कोरड्या कापडावर किंवा पेपर टॉवेलवर ठेवून हवेवर पूर्ण सुकू द्यायचं. व्हॉल्व्ह अगदी नाजूक असतो, ब्रश आत खुपसला तर फाटतो आणि मग पंपाची ओढ कमी होते आणि आपल्याला वाटतं आपलं दूधच कमी झालं! अचानक कमी निघायला लागलं तर आधी तो छोटा व्हॉल्व्ह उजेडात धरून बघा.

बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल, वेळेआधीचं असेल किंवा नाजूक तब्येतीचं असेल तर धुण्याबरोबरच दिवसातून एकदा पार्ट निर्जंतुक करायचे, पाण्यात बुडवून पाणी उकळायला लागल्यापासून ५ मिनिटं उकळले की काम होतं, फक्त कंपनीने त्या पार्टला उकळणं चालतं असं लिहिलंय ना ते एकदा बघून घ्या. बाळ मोठं आणि धडधाकट असेल तर नीट धुणं पुरतं. पार्ट न धुता तसेच फ्रीजमध्ये ठेवून दिवसभर वापरायची युक्ती खूप जणी सांगतात, कारण धुणं खरंच कंटाळवाणं असतं, पण थंडीने जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत, त्यामुळे लहान बाळ असेल तर ह्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा पार्टचा एक जास्तीचा सेट घ्या.

पाइपमध्ये दूध जात नाही म्हणून तो रोज धुवायची गरज नसते. आत वाफेचे थेंब दिसले तर दूध काढून झाल्यावर नुसता पंप दोन-चार मिनिटं चालू ठेवा, सुकतो. पण आत काळपट डाग, बुरशी दिसली तर धुवून बघणं वगैरे काही नाही, पाइप टाकायचा आणि नवीन घ्यायचा.

कशात भरायचं आणि किती

तीन पर्याय बरे. आईच्या दुधासाठीच बनवलेल्या स्टोरेज बॅग, घट्ट झाकणाच्या कडक प्लास्टिकच्या फूड-ग्रेड बाटल्या (बीपीए-फ्री असं लिहिलेलं बघून घ्या, तळाला त्रिकोणात ७ आकडा असलेलं भांडं टाळा) आणि काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या. घरातल्या साध्या झिपच्या पिशव्या नकोत, त्या पातळ असतात, गोठताना फाटतात, शिवणीतून गळतात. फ्रीजमध्ये एक-दोन दिवस ठेवायचं असेल तर बाटली सोयीची, फ्रीझ करायचं असेल तर बॅग, जागा कमी लागते.

एका बॅगमध्ये ६० ते १२० मिली. ह्यापेक्षा जास्त भरू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगतेय, कारण एकदा वितळलेलं दूध परत फ्रीझ करता येत नाही, आणि बाळाला ९० मिली हवं असताना तुम्ही २०० मिलीची बॅग काढलीत तर उरलेलं सांभाळत बसावं लागतं. तीन-चार बॅग ३० मिलीच्याही करून ठेवा, बाळ बाटली संपवून अजून थोडं मागतं ना तेव्हा त्या फार उपयोगी पडतात. बॅगवर छापलेल्या मापाच्या रेघांवर विश्वास ठेवू नका, बॅग फुगते-वाकते त्यामुळे त्या रेघा बऱ्याचदा चुकीचं दाखवतात, बाटलीत मोजून मग बॅगमध्ये ओता. वर साधारण एक इंच, म्हणजे अडीच सेंटीमीटर जागा मोकळी सोडायची, गोठताना दूध फुगतं, जागा नसली की बॅग फुटते आणि काच असेल तर तडकते.

आणि तारीख! बॅग रिकामी असतानाच तिच्यावर लिहायची, भरल्यावर पेन टोचून बारीक भोक पडू शकतं आणि ते दूध वितळवताना कळतं. न पुसणाऱ्या मार्करने, दूध काढल्याची तारीख, वेळ, किती मिली. बाळ पाळणाघरात जात असेल तर बाळाचं पूर्ण नाव. दोन वेळचं दूध एकत्र केलं असेल तर त्यातल्या जुन्या दुधाची तारीख लिहायची, नव्याची नाही.

किती वेळ चालतं

हा भाग एकदा लक्ष देऊन वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

ताजं काढलेलं दूध खोलीत, २५ अंश सेल्सियस किंवा त्याहून थंड असेल तर ४ तास. खोली गरम असेल, उकाडा असेल तर हे चार तास धरून बसू नका, काढलं की सरळ फ्रीजमध्ये.
ताजं दूध फ्रीजमध्ये, ४ अंशाला, ४ दिवस.
फ्रीझरमध्ये उणे १८ अंशाला किंवा त्याखाली, ६ महिन्यांच्या आत वापरलं तर उत्तम, १२ महिन्यांपर्यंत चालतं.
फ्रीझरमधून काढून पूर्ण वितळलेलं, फ्रीजमध्ये २४ तास, बाहेर १ ते २ तास.
बाळाने तोंड लावलेल्या बाटलीतलं उरलेलं, बाळाचं पिऊन झाल्यापासून २ तास, नंतर टाकायचं.

कुठेकुठे बाहेर ६ ते ८ तास आणि फ्रीजमध्ये ८ दिवस असंही वाचायला मिळेल, ते साफ खोटं नाहीये, अत्यंत स्वच्छतेने काढलेल्या दुधासाठी तेवढी सूट देतात, पण घरच्या धावपळीत, अर्धवट झोपेत आपली स्वच्छता दर वेळी तितकी असेलच असं नाही, म्हणून चार तास आणि चार दिवस धरून चाला, लक्षात ठेवायलाही सोपं. चार दिवसात वापरलं जाणार नाही असं दिसतंय तर चौथ्या दिवसाची वाट बघत बसू नका, जितकं लवकर फ्रीझ कराल तितकं दूध चांगलं राहतं. आणि जमेल तेव्हा ताजंच द्या, फ्रीझ केल्यावर दुधातल्या जिवंत पेशी आणि व्हिटॅमिन सी कमी होतं, तरीही ते आईचंच दूध आहे आणि बाळासाठी खूप चांगलं आहे, त्याबद्दल मनात किंतु नको.

ठेवायचं कुठे हेही सांगते. फ्रीजच्या दारात कधीच नाही, दार सतत उघडतं आणि तिथलं तापमान वरखाली होतं. मागे, सगळ्यात आत ठेवायचं. फ्रीझरमध्येही मागेच पण भिंतीला चिकटून नको, ज्या फ्रीझरमध्ये बर्फ आपोआप वितळतो त्यात भिंती अधूनमधून गरम होतात. फ्रीजच्या आतच एक छोटा बर्फाचा कप्पा असतो ना, ज्याला वेगळं दार नसतं, तो तितका थंड नसतो, त्यात महिनोन्महिने ठेवू नका, दोन आठवड्यांच्या आत वापरून टाका. आपला फ्रीझर नक्की किती थंड आहे हे बघायला एक साधा थर्मामीटर आत ठेवला की अंदाजपंचे काम राहत नाही.

दोन वेळचं दूध एकत्र करायचं का?

करता येतं, फक्त आधी थंड करायचं. नुकतं काढलेलं दूध अंगाच्या उष्णतेचं असतं, ते सरळ फ्रीजमधल्या थंड दुधात ओतलं तर ते सगळंच कोमट होतं. म्हणून नवीन बाटली फ्रीजमध्ये ठेवा, तासाभरात चांगली गार झाली की मग दोन्ही एकत्र करा. गोठलेल्या दुधावर गरम दूध तर अजिबातच नको, वरचा थर वितळतो. काही जणी दिवसभराचं सगळं दूध गार करून करून एका झाकणाच्या जारमध्ये जमा करतात आणि २४ तास झाले की मोजून बॅग भरतात, ज्यांना एका वेळेला थोडंथोडं निघतं त्यांना ही पद्धत फार सोयीची पडते, फक्त तारीख पहिल्या दुधाची.

फ्रीझ करताना

बॅग भरली, आता दोन बोटांनी वरून खाली दाबत हवा बाहेर काढायची, अगदी दूध झिपच्या जवळ येईपर्यंत नाही, ती इंचभर जागा राहिली पाहिजे, फक्त त्या जागेत हवा नको. झिप लावून त्यावरून परत एकदा चिमटीत धरून बोट फिरवायचं, कोपऱ्यात उघडी राहायची तिला सवय असते. मग बॅग उलटी करून पाच सेकंद धरायची, थेंब आला तर लगेच दुसऱ्या बॅगमध्ये. आता ती एका सपाट ट्रेवर आडवी ठेवून फ्रीझरमध्ये. आडवी गोठली की तिची पातळ पाटी होते, ती उभ्या गोळ्यापेक्षा खूप लवकर वितळते आणि जागाही कमी खाते. पूर्ण कडक झाल्यावर ट्रेवरून काढून एका डब्यात फायलींसारख्या उभ्या लावायच्या, जुनी तारीख पुढे, नवीन नेहमी मागून घालायची. घरातल्यांना एवढं एकच सांगून ठेवायचं, सगळ्यात पुढची बॅग घ्यायची, बस.

डबा झाकणाचा असला तर बरं, बॅगांना फ्रीझरचा वास कमी लागतो आणि दुसऱ्या वस्तू आदळून बॅग फाटत नाहीत. गोठलेली बॅग ठिसूळ असते बरं का, हातातून पडली तर कोपरा तडकतो.

साठा वाढवायच्या आधी एक बॅग चाखून बघा

हे बहुतेक ठिकाणी सांगतच नाहीत आणि ह्यामुळे बायकांच्या डोळ्यात पाणी येतं. काही जणींचं दूध फ्रीझ करून वितळवलं की त्याला साबणासारखा किंवा धातूसारखा वास येतो. माझ्या दुधाचं पण असंच व्हायचं. दूध खराब झालेलं नसतं, दुधातच लायपेज नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातल्या स्निग्ध पदार्थांचं विघटन करतं आणि थंडीतही त्याचं काम थोडंथोडं चालूच राहतं. असं दूध बाळासाठी सुरक्षित असतं, कितीतरी बाळं निमूटपणे पितात, पण काही बाळं एक घोट घेऊन तोंड फिरवतात, आणि हे तुम्हाला ४० बॅगा भरल्यावर कळलं तर काय होईल विचार करा.

म्हणून पहिल्या दोन-तीन बॅगा गोठल्या की आठ-दहा दिवसांनी एक वितळवा. वास घ्या, थेंबभर चाखा, बाळाला द्या. पिलं तर प्रश्न मिटला, वास आला तरी काही करायची गरज नाही. नाहीच पिलं तर त्यात थोडं ताजं दूध मिसळून बघा, बऱ्याच बाळांना तेवढं चालतं. तेही नाही चाललं तर पुढचं दूध फ्रीझ करण्याआधी, ताजं असतानाच, पातेल्यात मंद आचेवर तापवायचं, कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले की लगेच उतरवायचं, हे साधारण ८२ अंश असतं, उकळी येऊ द्यायची नाही, आणि पातेलं थंड पाण्यात ठेवून पटकन गार करून बॅगमध्ये भरायचं. ह्याने लायपेजचं काम थांबतं. पण दुधातली काही चांगली तत्त्वंही कमी होतात, त्यामुळे बाळ पीत असेल तर उगाच कोणी सांगितलं म्हणून तापवू नका. आणि एकदा वास आल्यावर तापवून तो जात नाही, हे आधीच करायचं काम आहे.

साबणाचा वास वेगळा आणि नासलेल्या दुधाचा आंबट वास वेगळा, हा फरक नाकाला कळतो. आंबट असेल तर टाकून द्या.

रंग आणि थर बघून घाबरू नका. दूध ठेवलं की साय वर येते आणि खाली पातळ निळसर पाणी दिसतं, नवीन आईला वाटतं फाटलं! बाटली हलकेच गोल फिरवली की एक होतं. पिवळसर, निळसर, कधी किंचित हिरवट, हे सगळं खाण्यानुसार नि दिवसानुसार बदलतं. पण गोल फिरवूनही गुठळ्या तशाच तरंगत राहिल्या तर मात्र ते दूध देऊ नका.

वितळवणं आणि कोमट करणं

सगळ्यात चांगलं म्हणजे आदल्या रात्री बॅग फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवायची, सकाळपर्यंत वितळते. बॅग एका वाडग्यात ठेवा, कुठे बारीक फट असेल तर दूध फ्रीजभर होणार नाही. २४ तास मोजायचे ते दूध पूर्ण वितळल्यापासून, फ्रीझरमधून काढल्यापासून नाही, ह्यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो. घाई असेल तर कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवा किंवा कोमट वाहत्या पाण्याखाली धरा, बॅगचं तोंड पाण्याच्या वर राहील असं बघा. ओट्यावर तासन्‌तास ठेवून वितळवू नका.

मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. ताजं असो, गोठलेलं असो, एकदाही नाही. मायक्रोवेव्ह दूध सगळीकडे सारखं तापवत नाही, बाटली हाताला कोमट लागते आणि आत मध्येच एखादा भाग चटका बसण्याइतका गरम असतो, बाळाचं तोंड भाजतं. गॅसवर थेट ठेवूनही तापवायचं नाही. कोमट करायचं तर बाटली गरम पाण्याच्या भांड्यात दोन-चार मिनिटं, मध्येमध्ये गोल फिरवत. अंगाच्या तापमानाइतकं, ३७ अंशाच्या आसपास झालं की पुरे, ४० च्या वर गेलं की दुधातले उपयोगी घटक कमी व्हायला लागतात. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा, गार-गरम काहीच जाणवायला नको. आणि खरं सांगू, कोमट करणं गरजेचं नाहीच, फ्रीजमधलं थंड दूधही देता येतं, बाळाला सवय असली तर ते आवडीने पितं आणि रात्री तुमची पाच मिनिटं वाचतात.

पाजताना बाटलीत एकदम सगळं ओतू नका, ६० ते ९० मिलीने सुरू करा, हवं तर अजून घालता येतं, पण बाळाची लाळ गेलेलं दूध परत फ्रीजमध्ये ठेवून संध्याकाळी देता येत नाही. बाटली आडवी धरून, बाळाला जरा उभं बसवल्यासारखं धरून, मध्येमध्ये थांबत पाजलं तर बाळ घाईने जास्त पीत नाही आणि तुमचा साठाही उगाच संपत नाही. हे आजीला, बाबाला, जे कोणी पाजणार त्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

बाहेर असताना

ऑफिसात फ्रीज असेल तर सरळ तिथे, नाव टाकून, बंद पिशवीत. नसेल तर इन्सुलेटेड बॅग आणि पूर्ण गोठलेले आइस पॅक, पॅक बाटल्यांना चिकटून राहतील असे लावायचे आणि बॅग पुन्हापुन्हा उघडायची नाही, असं २४ तासांपर्यंत चालतं. घरी आल्यावर मात्र ती बॅग सोफ्यावर ठेवून विसरायची नाही, आल्याआल्या दूध फ्रीज किंवा फ्रीझरमध्ये.

लाइट गेली तर

पहिलं काम, फ्रीझर उघडायचा नाही. भरलेला फ्रीझर दार बंद असेल तर साधारण ४८ तास थंड राहतो, अर्धा भरलेला २४ तास, खालचा फ्रीज मात्र ४ तासच. म्हणून साठा कमी असेल तर फ्रीझरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात, थंडावा टिकतो. लाइट आल्यावर बॅगा तपासा, आत अजून बर्फाचे कण असतील तर ते दूध परत गोठू देता येतं, पूर्ण वितळलंय पण थंड आहे तर फ्रीजमध्ये ठेवून २४ तासात संपवायचं, कोमट झालं असेल तर नाही. घर बंद ठेवून बाहेरगावी जाणार असाल तर एक कप पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवून जा, आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून परत गोठलंय, ते दूध वापरायचं नाही.

अजून थोडं

सर्दी, साधा ताप असेल तर दूध काढणं थांबवायचं नाही, ते दूध बाळाला चालतं, उलट त्यातून त्या आजाराविरुद्धच्या अँटीबॉडीज बाळाला मिळतात. नवीन औषध सुरू केलं असेल तर डॉक्टरांना विचारा, बरीचशी औषधं चालतात, त्यामुळे न विचारता स्वतःच दूध ओतून देऊ नका. निपल चिरल्यामुळे दुधात थोडं रक्त उतरलं तरी दूध देता येतं, पण चिरण्याचं कारण शोधा, बऱ्याचदा फनेलचा साइज चुकीचा असतो किंवा ओढ जास्त ठेवलेली असते. पंप करताना दुखायला नको, दुखत असेल तर सहन करत बसू नका.

साठा जुना होत चाललाय असं दिसलं तर आठवड्यातून एक दिवस बाळाला फ्रीझरमधलं द्या आणि त्या दिवसाचं ताजं फ्रीझ करा, म्हणजे डबा फिरता राहतो. दुसऱ्या कोणाचं दूध ओळखीत घेणं-देणं टाळा, मिल्क बँकेत देणाऱ्या आईच्या रक्ततपासण्या होतात आणि दूध ६२.५ अंशाला ३० मिनिटं तापवून पाश्चराइज करतात, घरी ते होत नाही. तुमच्याकडे खरंच जास्तीचं असेल तर मिल्क बँकेला फोन करा, त्यांचे साठवायचे नियम आधी विचारून घ्या, वेळेआधी जन्मलेल्या बाळांना त्याचा फार उपयोग होतो.

आणि फ्रीजच्या दारावर एक कागद लावा, मोठ्या अक्षरात. पुढची बॅग घ्या. वितळल्यापासून २४ तास. परत फ्रीझ नाही. मायक्रोवेव्ह नाही. बाटलीतलं उरलेलं २ तासांनी टाका. खाली बाळाच्या डॉक्टरांचा नंबर, आणि त्याखाली बाळ सध्या एका वेळेला किती पितं तो आकडा, तो मात्र पेन्सिलने लिहा म्हणजे बदलता येईल.